विभक्त, राखीव आणि पासंग

एरंडोलहून विचारणा आहे: १९०९ साली मुसलमानांना मिळाले ते 'राखीव मतदारसंघ' की 'विभक्त'? आणि काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातल्या लखनौ करारातल्या 'वेटेज'ला, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्त जागा देण्याला, मराठीत काय म्हणावं?

विभक्त. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचा विषय निघाला की आपल्याकडचे वक्ते बेधडक 'राखीव, राखीव' करत सुटतात. ऐकून कान किटले. राखीव असते ती जागा, विभक्त होते ती मतदारयादी. उमेदवार ठरावीक समाजाचा पण मत सगळ्यांचं, ही राखीव जागा. उमेदवारही मुसलमान आणि मत देणारेही मुसलमानच, हा विभक्त मतदारसंघ. फैजपूर अधिवेशनापाठोपाठ झालेल्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ पैकी ३० जागा मुस्लिमांच्या होत्या, त्यातली एक स्त्रीची. या तिसांपैकी एकीवरही शेजारच्या हिंदूला मत देता येत नव्हतं. दोन्ही शब्द एकच असते तर १९३२ साली येरवड्यात गांधीजींचं उपोषण कशाला झालं असतं? तिथे दलितांचे विभक्त मतदारसंघ गेले आणि संयुक्त यादीत १४८ राखीव जागा आल्या. मार्च १९२७ मध्ये जिना आणि इतर मुस्लिम पुढारी काही अटींवर विभक्त सोडून राखीव घ्यायला निघाले होते. 'सगळं राखीवच' म्हणणाऱ्याला त्यांनी नेमकं काय सोडलं हे कसं समजावणार?

आता वेटेज. कोणी 'भारांश' सुचवतं. तो प्रश्नपत्रिकेत ठेवा. आपल्याकडे घरचा शब्द आहे: पासंग. 'पासंगालाही पुरत नाही' म्हणतो तोच. रिकामा तराजू उचलला आणि एक पारडं वर राहिलं, तर त्यात जो खडा टाकून दांडी सरळ करतात तो पासंग. लबाड दुकानदार हेच काम पारड्याखाली चिंच चिकटवून उलट करतो. ओळखायचं सोपं: माल आणि वजनं यांची पारडी बदला, दांडी कलली तर तराजूत खोट आहे.

शब्द फारसी. 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला. शंखजिऱ्यातही तोच दडलाय. मूळ 'संगजराहत', जखमेवरचा दगड. त्यात शंख नाही, जिरंही नाही! 'पा' म्हणजे पाय, पायजम्यातला, असं माझं मत: पारड्याच्या पायाशी पडलेला दगड. पासंगाला 'पार्श्व' आणि 'संग' लावून संस्कृत ठरवणाऱ्यांनी मग सांगावं, यात दगड कुठून आला? बाजारातल्या शब्दाला सोवळं नेसवण्याची ही हौस कोशांनाही आवरत नाही.

तर १९१६ चा लखनौ करार. संयुक्त प्रांतात (आजचा उत्तर प्रदेश, उत्तराखंड) मुसलमान सुमारे १४ टक्के, त्यांना निवडून येणाऱ्या भारतीय सभासदांत ३० टक्के जागा. मद्रासला १५, मुंबईला एक तृतीयांश. हा पासंग. पण तो कुठून तरी काढावा लागतो. बंगालमध्ये मुसलमान निम्म्याहून जास्त, तिथे त्यांना ४० टक्के. पंजाबातही बहुसंख्य, तिथे ५०. शिवाय १९०९ पासून अनेक ठिकाणी मुसलमानांना सर्वसाधारण मतदारसंघातही मत होतं, ते या करारात सोडावं लागलं.

'पासंगाला लबाडीचा वास येतो' अशी तक्रार येईल. येऊ दे की. देणाऱ्याला तो दांडी सरळ करणारा खडा वाटला आणि विरोधकाला पारड्याखालची चिंच. दोघांची बाजू सांगणारा असा अर्थ 'भारांशा'त नाही. लिहिताना 'संयुक्त प्रांतात पासंग दिला' असं लिहा, आणि बंगालच्या बाबतीत 'पासंग गेला'.