पायाची शस्त्रक्रिया शिकताना घरी काय घडते

फिजिओथेरपीची पदवी हाती असताना अमेरिकेत जाऊन पोडियाट्री, म्हणजे पाय व घोट्याचे वैद्यक, शिकावी का आणि पुढे पाय व घोट्याच्या शस्त्रक्रियेची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण, लहान मूल सांभाळून निभते का, असे तुम्ही विचारले आहे. चार वर्षांचा डीपीएम, म्हणजे पोडियाट्रीचा पदवी अभ्यासक्रम, आणि त्यावरची तीन वर्षांची रेसिडेन्सी यांची माहिती अधिकृत ठिकाणी मिळेलच, म्हणून ती इथे देत नाही.

आधी परतीचे बोलते. आपल्याकडे घोट्याला प्लेट बसवतो तो एमबीबीएसनंतर एमएस झालेला ऑर्थोपेडिक सर्जन. डीपीएमच्या जोरावर सांगलीत ऑपरेशनला उभे राहता येत नाही. मला हे ठाऊक होते, पण पुढचे पुढे पाहू म्हणून मी ते बाजूला सारले, आणि आता आई फोनवर विचारते तेव्हा विषय बदलते.

कागदपत्रांबद्दल एवढेच, की गुणपत्रकांच्या लिफाफ्यावर शिक्का मारण्याऐवजी एका कारकुनाने स्टेपलरची पिन मारली आणि तेवढ्यापायी माझे प्रवेशाचे एक वर्ष हुकले.

रेसिडेन्सीत किमान 300 शस्त्रक्रियांची नोंद करावी लागते, आणि पायाच्या मागच्या भागाच्या व घोट्याच्या पुनर्रचनेचे प्रमाणपत्र हवे असेल तर तशा किमान 50. मात्र काम खरे कळते ते आकड्यांबाहेर. शिडीवरून पडून टाचेच्या हाडाचा चुरा झालेल्या माणसाला लगेच टेबलावर घेत नाहीत. सूज उतरून कातडीवर पुन्हा सुरकुत्या उमटेपर्यंत, बहुधा दहा ते चौदा दिवस, थांबतात, कारण ताणलेल्या कातडीवर छेद घेतला तर जखम भरत नाही. रोज पहाटे ती कातडी पाहायला जाणे हे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचे काम, आणि मला ते मनापासून आवडत असे. एकटेपणाचे म्हणाल, तर त्याला वेळच मिळत नाही.

सलते ते मुलीच्या शाळेचे. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली होती, मी अभिमानाने मराठी लिहिले, आणि चांगले इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या पाच वर्षांच्या मुलीला चाचणीनंतर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात घातले. चाचणीच्या वेळी ती लाजून गप्प बसली होती, एवढेच. दोन वर्षे तिला रोज वर्गातून उठवून नेत असत, आणि त्याच काळात तिने घरी मराठीत उत्तर देणे सोडले. आता आजीचा प्रश्न तिला कळतो, पण उत्तर इंग्रजीत येते.

पुष्कळ वर्षे मी शाळेला दोष दिला. वास्तविक अशा गटाला नकार देण्याचा हक्क पालकांना असतो आणि तसे पत्रही घरी आले होते. फ्रिजवर चुंबकाखाली ते कितीतरी दिवस लटकत होते. शाळेने बैठकीला बोलावले त्या सकाळी माझ्या नावावर घोट्याच्या फ्रॅक्चरची केस होती, आणि मला ती नोंदवहीत हवी होती. सुट्टी नाकारली गेली, असे मी घरी सांगितले. मी ती मागितलीच नव्हती.