स्पॅनिशमध्ये सगळ्याच नकली गोष्टींना 'फाल्सो' म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नकली नोट, नकली पापण्या, नकली लेदरची पर्स आणि नकली हसू या चारही ठिकाणी तुम्ही 'फाल्सो' लिहिलंत आणि बाईंनी फक्त नोट बरोबर धरली. असं का?

बाई जरा कडक आहेत. 'सोन्रीसा फाल्सा' म्हणजे खोटं हसू, हे स्पेनमध्ये सर्रास म्हणतात. 'पेस्तान्यास फाल्सास'सुद्धा कानावर पडतं. पर्सच्या बाबतीत मात्र बाईंचं बरोबर आहे, तिथे अर्थच बदलतो. त्याकडे येतेच.

आधी माझी फजिती. ग्रानादात मी एका आजींकडे भाड्याने राहत होते. जेवणाच्या टेबलावर कायम एक फुलदाणी असायची, आणि फुलं आठवडाभर तशीच टवटवीत. एकदा जेवताना मी सहज विचारलं, "सोन फाल्सास?" आजींचा चमचा हवेतच थांबला. "फाल्सास नो, इखा. दे तेला." खोटी नव्हेत गं पोरी, कापडाची आहेत. मी त्यांच्या फुलांवर चोरीचा आळ घेतल्यासारखा तो स्वर होता! त्याच आजी न्हाणीघरातल्या पेल्यात ठेवलेल्या आपल्या कवळीला बिनदिक्कत 'देन्तादूरा पोस्तीसा' म्हणायच्या.

त्या दिवशी डोक्यात लख्ख पडलं की 'फाल्सो'त फसवणुकीचा वास आहे. वस्तू कशाची बनलीय यापेक्षा ती स्वतःला काय म्हणवते, हे तो शब्द बघतो. यावर एक झकास वाक्प्रचार आहे: 'मास फाल्सो के उन दुरो सेवियानो', म्हणजे सेवियाच्या दुरोपेक्षाही खोटा. दुरो म्हणजे ५ पेसेताचं चांदीचं नाणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी इतकी उतरली की नाण्यातल्या चांदीपेक्षा नाण्याची दर्शनी किंमत कितीतरी जास्त झाली. मग काय, लोकांनी खऱ्या चांदीचेच दुरो घरच्या घरी पाडायला सुरुवात केली. शेवटी १९०८ साली सरकारला ते चलनातून काढून घ्यावे लागले. चांदी अस्सल, तरी नाणं 'फाल्सो', कारण त्यावरचा राजाचा छाप खोटा. म्हणून नोट, सही, पासपोर्ट, साक्ष, नाव यांना डोळे झाकून 'फाल्सो' लावा. माणसाला लावाल तर जपून: 'एस मुय फाल्सा' म्हणजे ती बाई तोंडावर एक आणि पाठीमागे एक.

पापण्या, नखं, दात, मिशा यांचा शब्द 'पोस्तीसो'. (स्पेनमध्ये त्यातला 'स' जीभ दातांत धरून 'थ'सारखा काढतात.) मुळात नसलेलं, वरून लावलेलं. आपल्याकडे याला गंगावन हे चोख उदाहरण आहे. नुसतं 'उन पोस्तीसो' म्हटलं तर केशभूषाकार केसांचा तो जोडच समजतो. कोणी मुद्दाम वेगळ्या ढंगात बोलू लागला, तर त्याचा 'आसेन्तो पोस्तीसो', आणि यात 'लावलेला' हा अर्थ किती नेमका बसतो बघा.

'आर्तिफिसिआल'वर वेळ घालवण्यासारखं फारसं नाही. आपला 'कृत्रिम' जिथे बसतो, तिथे बहुतेक तोही बसतो: गवत, श्वासोच्छ्वास, बुद्धिमत्ता. यात कोणी कोणाला फसवत नाही. एकच गंमत, फटाक्यांची आतषबाजी म्हणजे 'फुएगोस आर्तिफिसिआलेस', आणि ती आग चांगली खरीखुरी असते. आजींच्या फुलांनाही 'आर्तिफिसिआलेस' चाललं असतं, पण रोजच्या बोलण्यात लोक सरळ कापडाची, प्लॅस्टिकची असंच म्हणतात.

आता पर्स. 'बोल्सो फाल्सो' म्हटलंत की ऐकणाऱ्याला वाटतं, मोठ्या ब्रँडची डुप्लिकेट. तुम्हाला म्हणायचं होतं, लेदर खरं नाही. त्यासाठी स्पेनमध्ये 'दे पोलिपिएल', अर्जेंटिनात 'दे क्वेरीना', आणि कुठेही चालेल असं 'दे क्वेरो सिंतेतिको'. दागिन्यांना 'दे इमितासिओन' लावा, आपलं इमिटेशनच ते.

हसू 'फाल्सा' असू शकतंच, पण मनात नसताना ओढूनताणून आणलेलं असेल तर 'फोर्सादा' जास्त नेमकं. ठरवून वठवलेलं आजारपण किंवा आश्चर्य असेल तर 'फिंखीदो'.

बाईंनी सांगितलं नसेल तर एक गोष्ट: 'फाल्सो' नामाच्या आधी आला की बरेचदा 'तसं नाव आहे, पण ते नाही' असा अर्थ होतो. 'फाल्सो तेचो' म्हणजे फॉल्स सीलिंग. 'फाल्सो आउतोनोमो' म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक, प्रत्यक्षात कंपनीचा नोकर. स्पेनमध्ये डिलिव्हरीवाल्या मुलांवरून हा शब्द इतका गाजला की २०२१ मध्ये त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. कोलंबियात 'फाल्सोस पोसितीवोस' ऐकलंत तर वैद्यकीय चाचणी समजू नका. सैन्याने निरपराध लोकांना मारून चकमकीत ठार झालेले बंडखोर म्हणून दाखवलं, त्या प्रकरणाचं हे नाव आहे. २००२ ते २००८ या काळात असे किमान ६,४०२ बळी गेले, असं तिथल्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं.

बाजारातल्या डुप्लिकेट मालाला प्रत्येक देशाचा आपला शब्द आहे: अर्जेंटिनात 'त्रूचो', पेरूत 'बाम्बा', मेक्सिकोत 'पिराता'. मेक्सिकोतच हलक्या, तकलादू वस्तूला म्हणतात 'चाफा'! आपल्या अंगणातला पांढरा चाफा मुळात त्याच मुलखातून आलेला, पण तिथे कोणाच्या भेटवस्तूला कौतुकाने चाफा म्हणू नका. आजींच्या चमच्यासारखा तिथलाही चमचा हवेतच थांबेल.