पीएसएमए पेट ‘स्वच्छ’ आला, तर धोक्याचा गट बदलतो का?

आपले प्रश्न दोन आहेत. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, वय ६८, रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमधून येणारे प्रथिन) २४, बायॉप्सीत ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा गुणांक) ८ आणि पीएसएमए पेट-सीटी या स्कॅनमध्ये प्रोस्टेटबाहेर एकही गाठ दिसलेली नाही, तर रेडिएशनसोबत सांगितलेली दोन वर्षांची हार्मोनची इंजेक्शने टाळता येतील का, हा पहिला. आणि अहवालात डाव्या सहाव्या बरगडीवर ‘अल्प ग्रहण’ (तिथे स्कॅनचे द्रव्य थोडे साचले) असे लिहिले आहे, म्हणजे आजार हाडात गेला असे समजायचे का, हा दुसरा. असे अहवाल लिहिणे हे माझे रोजचे काम असल्याने सविस्तर लिहितो. दोन्हींचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र पहिले मी ठामपणे देतो आणि दुसरे तपासणीच्या अटीवर.

प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ जोडून शिरेतून दिले जाते आणि साधारण तासाभराने ते शरीरात कुठे साचले आहे ते पाहिले जाते. म्हणजेच एखादी जागा उजळण्यासाठी तिथे पुरेशा पेशी असाव्या लागतात आणि त्या पेशींवर पीएसएमए असावे लागते. लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका ग्रंथीत, एक-दोन मिलिमीटरचा पुंजका असेल तर तो बहुधा दिसत नाही, आणि काही थोड्या रुग्णांच्या ट्यूमरमध्ये पीएसएमए जवळजवळ नसतेच. (साखरेसारख्या एफडीजी द्रव्याचा नेहमीचा पेट या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात फारसा उपयोगी नसतो, आपल्या अहवालावर पीएसएमए असेच लिहिले आहे ना, हे एकदा पाहून घ्या.)

ही तपासणी जुन्या तपासण्यांपेक्षा सरस आहे, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियातील प्रोपीएसएमए चाचणीत अधिक धोक्याच्या ३०२ पुरुषांमध्ये तिची अचूकता ९२ टक्के होती, तर सीटी व बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्यानंतर कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ओटीपोटातील ग्रंथींशी स्कॅन ताडून पाहिला, तेव्हा २७७ रुग्णांत त्याची संवेदनक्षमता (बाधित असलेल्यांपैकी किती ओळखले) ४० टक्के आणि विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) ९५ टक्के निघाली. ग्रंथी उजळली तर ती बहुधा खरोखरच बाधित असते. मात्र न उजळलेल्या ग्रंथी निरोगी आहेत, असे त्यावरून ठरत नाही. ‘स्वच्छ’ हा शब्द वाचताना हा फरक कायम ध्यानात ठेवावा लागतो.

धोक्याचा गट, म्हणजे आजार पसरण्याची किंवा उलटण्याची शक्यता किती याची श्रेणी, पीएसए, ग्लीसन आणि गाठीचा स्थानिक विस्तार यांवरून ठरतो, आणि दीर्घ हार्मोन उपचारांचा फायदा दाखवणाऱ्या मोठ्या चाचण्या हा पेट येण्यापूर्वी याच गटांतील रुग्णांवर झाल्या. त्या रुग्णांचा पेट केला असता तर कित्येकांचा स्वच्छच आला असता, आणि तरीही उपचारांचा लाभ त्या संपूर्ण गटाला मिळालेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील पीओपी-आरटी चाचणी मला इथे सर्वांत बोलकी वाटते. तिच्यातील २२४ रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांचा पीएसएमए पेट झालेला होता आणि कुणाच्याही ग्रंथी बाधित दिसत नव्हत्या. सर्वांना किमान दोन वर्षे हार्मोन उपचार होते. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटला आणि निम्म्यांना ओटीपोटातील ग्रंथींसह रेडिएशन दिले. पाच वर्षांनी आजार पीएसएच्या निकषावर उलटला नव्हता अशांचे प्रमाण ग्रंथींसह रेडिएशन घेतलेल्यांत ९५ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ८१ टक्के होते. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता आणि लघवीचे उशिराचे त्रास ग्रंथींसह रेडिएशन घेतलेल्यांत अधिक होते, हेही सांगायला हवे. तरीही न दिसलेल्या ग्रंथींवर उपचार केल्याने फरक पडला, याचा अर्थ त्यांतल्या काहींत आजार होता. म्हणून केवळ स्वच्छ पेटच्या आधारे इंजेक्शने सोडू नयेत. हृदयविकार, मधुमेह किंवा हाडांची ठिसूळता असेल तर इंजेक्शनांचा कालावधी कमी करता येईल का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. तो रेडिएशनच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

स्कॅनला भविष्याबद्दल काहीच सांगता येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आजार किती ठिकाणी आहे, त्याचे एकूण आकारमान किती आणि पीएसएमएचे ग्रहण किती तीव्र आहे, यांवरून आयुर्मानाचा अंदाज बांधणारी कोष्टके प्रॉमिस या पीएसएमए पेटचे अहवाल ठरावीक रीतीने लिहिण्याच्या पद्धतीच्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. अशा माहितीने जुन्या निकषांत भर पडते. एकट्या पेटवरून उपचार कमी करण्यास त्या कामाने परवानगी मिळत नाही.

आता बरगडी. एकच बरगडी, ग्रहण अल्प, सीटीत तिथे काही बदल नाही, असे चित्र असेल तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरते. जुने बारीक फ्रॅक्चर किंवा फायब्रस डिसप्लेसिया (कॅन्सर नसलेला हाडाचा विकार) यांतही पीएसएमएचे द्रव्य साचते, आणि फ्लोरिन-१८ पीएसएमए-१००७ हे द्रव्य वापरले असेल तर बरगड्यांवर असे ठिपके विशेष करून दिसतात. कोणते द्रव्य दिले, ते अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात सहसा असते. पीएसएमए-रॅड्स वर्गीकरणात अशा अनिश्चित हाडाच्या जागेला ३बी म्हणतात आणि तिच्यासाठी पुढील तपासणी सुचवली जाते. या एका ठिपक्यावरून चौथी अवस्था ठरवून वडिलांना पूर्ण बरे करण्याच्या उपचारांपासून दूर नेले, तर ते नुकसान फार मोठे असेल. मतभेद असल्यास ट्यूमर बोर्डापुढे (विविध तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) स्कॅनच्या मूळ प्रतिमा ठेवून त्या जागेचा एमआरआय करावा की काही महिन्यांनी पुन्हा पाहावे, हे ठरवून घ्या; बायॉप्सीची गरज क्वचितच पडते.

पुन्हा पेट करायचा ठरल्यास तो हार्मोनचे पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी शक्य आहे का, हे विचारा. इंजेक्शनानंतर ग्रहण कधी वाढते, कधी घटते, आणि मग बरगडीवरच्या बदलाचा अर्थ लावणे आम्हालाही कठीण जाते. मात्र त्या स्कॅनसाठी उपचार लांबणीवर टाकू नका.