‘घड जिरला’ म्हणजे कुठे गेला?

नाशिकच्या एका नववीतल्या विद्यार्थिनीने विचारलंय: ‘दिवाळीत दिंडोरीला मामांकडे गेले होते. द्राक्षांच्या बागेत मामा म्हणाले, यंदा बरेच घड जिरले. जिरतं ते पोटातलं अन्न ना? मग जिरणं आणि पचणं एकच का? प्रकल्पात मी घड नष्ट झाले असं लिहू का?’

आधी पचणं. ‘पच्’ म्हणजे शिजवणं. पाक, पक्व, पिकणं ही सगळी त्याच घरातली. जिरणं आलं ‘जॄ’ धातूवरून, म्हणजे जुनं होणं, झिजणं. जीर्ण आणि अजीर्ण त्याचीच भावंडं. पण मराठीत जिरतं ते बहुधा कशात तरी जिरतं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणताना पाणी संपवा असं कुणी समजत नाही. ते खाली मुरून विहिरीला लागणार असतं.

बाळंतिणीला वाढताना आमच्याकडे म्हणतात, ‘पचलं, जिरलं की अंगी लागेल.’ तुझ्या पुस्तकातले पचन, शोषण, सात्मीकरण याच क्रमाने येतात बघ. भाकरीतल्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं, ते पचणं. ते रक्तात उतरतं, ते जिरणं. पुढे पेशींत काही साठतं. बाकीचं ऑक्सिजनच्या मदतीने जळून त्यातल्या ऊर्जेचा काही भाग एटीपीच्या (पेशी वापरतात त्या ऊर्जा-रेणूच्या) रूपात हाताशी येतो.

आता मामांची बाग. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (हंगाम संपल्यावरच्या छाटणीनंतर) आलेली पानं उन्हाच्या बळावर साखर करतात, आणि ती काडीत, खोडात, मुळांत पिष्ट होऊन साठते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की वेल उघडी पडते. नवी पानं कमावती होईपर्यंत फुटव्याला त्या शिल्लकीवरच जगायचं असतं: पिष्टाची पुन्हा साखर होते आणि डोळ्यांकडे, म्हणजे काडीवर फुटणाऱ्या कोंबांकडे, चढते. छाटणीत पडलेल्या पक्व काडीचा आडवा काप घे, वर आयोडिनचा थेंब टाक. काप निळा-काळा पडेल. (इथलं ‘पक्व’ म्हणजे पुन्हा आपलं पच्!)

शिल्लक कमी पडली, किंवा फुटवा फार जोरात निघाला, की शेंडा अन्न ओढून घेतो आणि कोवळा घड उपाशी राहतो. तो वाढायचा थांबतो आणि त्याची बाळी होते, म्हणजे वेल आधाराला धरते तो पीळदार तंतू. घड आणि बाळी वेलीत एकाच प्रकारच्या अंकुरातून घडतात, म्हणून हे होऊ शकतं. मामांना एखादी अर्धवट बाळी दाखवायला सांग: स्प्रिंगसारखा पीळ, आणि एका फाट्यावर दोन-चार कळ्या.

‘नष्ट’मध्ये ही सगळी हकिगत पुसली जाते. गारपिटीने घड नष्ट होतात. हा वेलीतच जिरला. ‘पचला’ तर मामा कधीच म्हणणार नाहीत.

‘खोड जिरली’, ‘मस्ती जिरवली’ यांत मात्र कशात जिरली हे विचारता येत नाही. तिथे झिजण्याचा जुना अर्थच टिकून आहे.

तेव्हा प्रकल्पात मामांचाच शब्द ठेव: ‘घड जिरले, त्यांच्या बाळ्या झाल्या.’ आणि त्या अर्धवट बाळीचं चित्र शेजारी काढ, कळ्यांसकट.