नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळायला कसं शिकवावं?

सुरुवात वॉर्डातच करा. ड्युटीआधी प्रत्येकाने आज नेमकं काय शिकायचं ते एका ओळीत लिहावं. ‘इंजेक्शन शिकणे’ असं मोघम नको; ‘इन्सुलिनचा डोस भरून दुसऱ्या नर्सकडून तपासून घेणे’ असं हवं. ड्युटी संपल्यावर काय जमलं, कुठे अडलं, उद्या कोणाला विचारायचं, हे आधी त्यांनीच सांगावं आणि शिक्षकाने नंतर बोलावं. हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपण आधीच चुका दाखवल्या की मुलं स्वतःला तपासणं सोडून देतात. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या स्वतः शिकण्याच्या पायऱ्याही अशाच आहेत: गरज, ध्येय, साधनं, पद्धत, मूल्यमापन. पहिल्या वर्षाला मात्र एकदम मोकळं सोडू नका, आधार हळूहळू कमी करा. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे देखरेख शेवटपर्यंत हवीच.