साक्षीदार जिवंत आहेत का? मृत्युपत्र आणि वारसाहक्काची प्रश्नोत्तरे

गणपती पाण्यात गेले, चाकरमानी कोकणकन्येने आणि तुतारीने मुंबईला पोचले, की आठवड्याभरात माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. पाच दिवस पडवीत भजन आणि सहाव्या दिवशी जमिनीचा विषय, हे दरवर्षीचं आहे. यंदा आलेल्यांतले निम्मे प्रश्न गेल्या वर्षीचेच आहेत, फक्त गावांची नावं वेगळी. म्हणून पुन्हा लिहितो. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत हे मात्र प्रत्येक उत्तर वाचताना लक्षात ठेवा.

मृत्युपत्र पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरच करावं लागतं का? (देवगड)

नाही. साधा कोरा कागद चालतो, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. तुम्हाला हे ज्याने सांगितलं तो स्टॅम्पपेपर विकतो का, ते पाहा.

वडिलांनी वहीत स्वतःच्या अक्षरात सगळी वाटणी लिहून खाली सही केली आहे. साक्षीदार नाहीत. पण मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ आहे. चालेल? (गुहागर)

चालणार नाही. अक्षर स्वतःचं असलं तरी दोन साक्षीदार लागतातच. व्हिडिओ हा जोडपुरावा झाला, साक्षीदाराची जागा तो घेत नाही. वडील हयात असतील तर याच आठवड्यात वकिलाकडे न्या. नसतील तर मृत्युपत्र नाहीच असं धरून वारसांची यादी करायला घ्या.

वडिलांनी २०११ मध्ये मृत्युपत्र करून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं. हापूसची बाग माझ्या नावे आहे. ते आता वारले. मुंबईचा भाऊ कोर्टात जाईन म्हणतो. नोंदणीकृत मृत्युपत्राला कोणी हात लावू शकत नाही, असं एजंटने सांगितलं. बरोबर ना? (राजापूर)

बरोबर नाही. वर्षातून दहा वेळा हे सांगतो, आज जरा सविस्तर सांगतो.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि करावी असंच माझं मत आहे. कागद हरवत नाही, तारखेचा वाद राहत नाही. पण नोंदणीने एवढंच ठरतं की अमुक दिवशी अमुक माणूस कार्यालयात आला आणि हा कागद माझा आहे म्हणाला. भावाने आव्हान दिलं तर कोर्ट वेगळं विचारतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, नाहीतर ‘ही सही माझीच’ असं त्याने स्वतः त्यांना सांगितलेलं हवं. शिवाय प्रत्येक साक्षीदाराने त्याच्यासमोर सही केलेली हवी. आणि हे सिद्ध करायला साक्षीदार हयात असेल, येण्यासारखा असेल, तर किमान एकाला पिंजऱ्यात उभं करावंच लागतं. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ आहे. आकडा बदलला, अडचण तीच.

अडचण कशी असते ते पाहा. काही वर्षांपूर्वीची एक केस. मृत्युपत्र नोंदवलेलं, टाईप केलेलं, प्रत्येक पानावर सही. आमचा साक्षीदार गावातला किराणा दुकानदार, सज्जन माणूस. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने आवाज न चढवता विचारलं, सही करताना तुम्ही कुठे होतात? म्हातारा म्हणाला, “मी दुकानार. कागद पोरगो घेऊन इलो, मी सय केलंय.” एवढंच. खोटं बोलला असता तर कदाचित केस वाचली असती, पण त्याला खोटं बोलायचं कारणच नव्हतं. साक्षीदार म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसरा साक्षीदार तोवर वारला होता. कागद घेऊन जाणारा ‘पोरगो’ म्हणजे ज्याला सगळी जमीन मिळायची होती तोच. तिथे केस संपली.

आपल्याकडे साक्षीदार मानाने बोलावतात. गावकर, मानकरी, नाहीतर शाळेचे निवृत्त हेडमास्तर. वय अठ्याहत्तर. मृत्युपत्र करणारा सत्तरीचा. तो वारणार तेव्हा हेडमास्तर असणार आहेत का, हा हिशेब कोणी करत नाही. नाहीतर गणपतीला आलेला मुंबईचा मेहुणा धरतात, तो पुढे वसईहून विरार, विरारहून बदलापूर करत राहतो आणि समन्स परत येतं. साक्षीदार तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण हवा, तालुक्यात मुळं असलेला हवा, आणि मृत्युपत्रातून त्याला किंवा त्याच्या बायकोला पैचाही फायदा नसावा. पूर्ण पत्ता लिहून घ्या. फॅमिली डॉक्टर साक्षीदार असले तर उत्तमच, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात बदलीवर आलेले डॉक्टर नकोत. आणि कृपा करून आयसीयूमध्ये सलाईन लावलेल्या हाताचा अंगठा घेऊ नका. अंगठा कायद्याला चालतो. पण ज्याला मिळणार आहे त्यानेच धावपळ करून, शेवटच्या आठवड्यात करून घेतलेल्या मृत्युपत्राकडे कोर्ट संशयाने पाहतं, आणि तो संशय फेडायची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच हे सांगून ठेवलं आहे.

तेव्हा राजापूरकर, एजंटला सोडा. तुमच्या वडिलांचे दोन्ही साक्षीदार हयात आहेत का ते आज संध्याकाळपर्यंत बघा. दोघेही गेले असतील तरी मार्ग बंद होत नाही. एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि वडिलांची सही ओळखणारी माणसं उभी करावी लागतात, पण ते जास्त जिकिरीचं. त्यांना काय आठवतं ते विचारा, पढवू मात्र नका, आणि मग दिवाणी वकिलाला भेटा. सातबाऱ्यावर नाव चढवायच्या फेरफारासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, अर्जही द्या. भाऊ हरकत घेईल, प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे जाईल. फेरफार मंजूर झाला म्हणून पेढे वाटू नका आणि नामंजूर झाला म्हणून रडू नका. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी दिवाणी कोर्टच ठरवतं.

बँकेत आणि सोसायटीत माझंच नाव नॉमिनी म्हणून आहे. मग मृत्युपत्राची काय गरज? (चिपळूण)

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरतं ते नाव. हातात आलेले पैसे वारसांचे, नाहीतर मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याचे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबतही हेच सांगितलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीपासून फरक पडला आहे: आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच धरले जातात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्याला चार नॉमिनी देता येतात. त्यावरून ‘आता मृत्युपत्र नको’ असा मेसेज फिरतोय, तो पुसून टाका.

लालबागच्या चाळीतली पागडीची खोली वडिलांनी मृत्युपत्राने मला दिली. मी मालवणला असतो, खोलीत धाकटा भाऊ त्यांच्यासोबत राहत होता. प्रोबेट करावं लागेल का? (मालवण)

प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब करून घेण्याचा, प्रश्न नंतरचा. पागडीची खोली तुमच्या वडिलांच्या मालकीची नव्हती, ते भाडेकरू होते. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. तो भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, म्हणजे इथे बहुधा धाकट्याकडे. भांडायच्या आधी मुंबईतल्या, भाडेकायदा रोज हाताळणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

प्रोबेटबद्दल बाकीच्यांसाठी: मुंबईतल्या मिळकतीला ते सक्तीचं होतं, ती सक्ती करणारं उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जमिनीसाठी हिंदूंना ही सक्ती पूर्वीही नव्हती. तरी वाद दिसत असेल तर प्रोबेट घेऊन ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

सातबारा अजून आजोबांच्या नावे आहे, सामाईक, एकूण एकतीस नावं. वडिलांना सगळी जमीन मृत्युपत्राने आम्हा दोन भावांना द्यायची आहे. बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांची हक्कसोडपत्रं गणपतीत घेतली तर काम होईल ना? (लांजा)

एका प्रश्नात तीन घोटाळे आहेत. वडील फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकतात, चुलत्यांच्या आणि आत्यांच्या हिश्शाचं नाही. तो हिस्सा किती हेच अजून ठरलेलं नाही, कारण आजोबा गेल्यानंतर कोणी वारस नोंद केली नाही. एकतीस नावांपैकी किती माणसं आज हयात आहेत? उशीर केला की नावं कमी होत नाहीत, वाढतात. आज एकतीस असतील तर तुमच्या मुलांच्या वेळी नव्वद होतील. आधी वारस नोंदी, मग जमलं तर सगळ्यांच्या संमतीने वाटप, मग मृत्युपत्र.

बहिणींचं म्हणाल तर जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हक्क जन्माने आहे, लग्न होवो न होवो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असायलाच हवे होते असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र बहिणीने मनापासून दिलं तर कायदेशीर आहे, पण ते नोंदवावं लागतं. ओवशाची सुपं आणि मोदक आटोपून रिक्षात घालून तहसीलला नेलेली, ‘नुसती सही आहे गो’ म्हणून सांगितलेली बहीण मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. दहा वर्षांनी महामार्गाच्या मोबदल्याची नोटीस निघते आणि तीच बहीण फसवणुकीचा दावा लावते. तिच्या जागी मीही लावला असता. बहिणीला तिचा स्वतःचा वकील बघू द्या.

आणखी एक. यातली काही जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर ‘इतर हक्क’ रकान्यात कलम ४३ ची शर्त आहे का बघा. अशी जमीन शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने देणं अडकतं. कागद घेऊन या, अंदाजाने लिहू नका.

मी मुस्लिम आहे. सगळी मिळकत मधल्या मुलाच्या नावे लिहून ठेवता येईल का? (खेड)

सुन्नी असाल तर नाही. इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि मुलगा स्वतः वारस असल्याने त्या तृतीयांशालाही बाकीच्यांची संमती लागते. आपला वैयक्तिक कायदा जाणणाऱ्या वकिलाकडूनच मसुदा करून घ्या.

माझी बहीण म्हापशाला दिली आहे. तिच्या नवऱ्याला मृत्युपत्र करायचं आहे. आपल्याकडचा नमुना पाठवू का? (वेंगुर्ला)

पाठवू नका. बांदा ओलांडलं की कायदा बदलतो. गोव्यात मिळकतीचा निम्मा भाग मुलांसारख्या वारसांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. शिवाय लग्नामुळे नवरा-बायकोची मिळकत सहसा अर्धी-अर्धी धरली जाते, म्हणजे आधी त्याचं स्वतःचं किती तेच ठरवावं लागेल. गोव्याच्या रहिवाशाच्या बाहेरच्या मिळकतीलाही तिथलाच कायदा लागतो, हे २०१९ मध्ये ठरलं आहे. गोव्यातला वकील गाठा.

मी विधवा, वय ७२. मुलगा म्हणतो घर आणि परडं आताच बक्षीसपत्र करून दे, मृत्युपत्राला पुढे कटकट होते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. काय करू? (कणकवली)

आई, सही करू नका. निदान या महिन्यात तरी नको.

मृत्युपत्र तुम्ही मरेपर्यंत कितीही वेळा बदलू शकता, शेवटचं खरं. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्या दिवशी गेलं. उद्या सूनबाईंशी पटलं नाही तर तुम्ही तुमच्याच पडवीत पाहुण्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते बक्षीस रद्द करून मागता येतं. द्यायचंच ठरलं तर ती अट, आणि मरेपर्यंत घरात राहण्याचा तुमचा हक्क, दोन्ही कागदात स्पष्ट लिहून घ्या. ‘तोंडी ठरलंय’ हे कोर्टात फार महाग पडतं. आणि घर मुळात तुमच्या एकटीचं आहे का? ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर नाव असलं म्हणजे मालकी झाली असं नाही. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल तर मुलीही वारस आहेत.

पैशाचं म्हणाल तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, अर्ज तिथले कर्मचारी भरून देतात. १५१०० या क्रमांकावर फोन लावलात तरी चालेल. जाताना सातबारा, आठ-अ, घरपत्रकाचा उतारा, नवऱ्याचा मृत्यूदाखला आणि आधारकार्ड पिशवीत घाला. आणि मुलाला सोबत नेऊ नका, शेजारच्या बाईला न्या.