घडीच्या फोनची जाडी मोजावी कुठे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मुलुंडला राहतो आणि फोर्टमधील एका कचेरीत हिशेबाचे काम पाहतो. 2022 साली मी पुस्तकासारखा उघडणारा घडीचा फोन घेतला. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की त्यावर ताळेबंद आणि लांबलचक तक्ते नीट वाचता येतात, म्हणून फोनवर माझा जीव आहे. परंतु शर्टाच्या खिशात ठेवला की खिसा ओघळतो आणि उभ्याने प्रवास करताना एका हाताने तो वापरणे म्हणजे कसरतच होते. घरी त्याला सगळे ‘पाटा’ म्हणतात. आता दुकानदार सांगतो की नवे फोन जवळजवळ निम्म्या जाडीचे झाले आहेत. केवळ जाडी घटली म्हणून दीड-पावणेदोन लाख रुपये मोजावेत काय? घडीच्या फोनच्या रचनेत पातळपणाला खरोखरच महत्त्व आहे, की ही निव्वळ जाहिरातींची चढाओढ आहे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे या बाबतीत खरे आहे. 2019 साली बाजारात आलेला सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड मिटल्यावर बिजागरीपाशी 17 मिलिमीटरपेक्षा किंचित जाडच भरत असे आणि त्याचे वजन 276 ग्रॅम होते. आपण फोन घेतलात त्या वर्षीचा सॅमसंगचाच झेड फोल्ड 4 उघडणाऱ्या कडेला 14.2, बिजागरीकडे 15.8 मिलिमीटर आणि वजनाला 263 ग्रॅम होता. दोन्ही पाती एकमेकांना पूर्ण टेकत नसल्यामुळे मिटलेला फोन पाचरीसारखा दिसे. जुलै 2025 मध्ये आलेला झेड फोल्ड 7 मात्र मिटल्यावर 8.9 मिलिमीटर आणि वजनाला 215 ग्रॅम आहे. याच कंपनीचा त्याच वर्षीचा साधा, न मिटणारा एस 25 अल्ट्रा 8.2 मिलिमीटर जाड आणि 218 ग्रॅम वजनाचा आहे, म्हणजे घडीचा फोन आता साध्या फोनहून जेमतेम 0.7 मिलिमीटरने जाड आणि तीन ग्रॅमने हलका झाला. या शर्यतीची सुरुवात सॅमसंगने केलेली नाही, हेही नोंदवायला हवे. ऑनरने 2023 मध्येच मॅजिक व्ही 2 हा 9.9 मिलिमीटरचा फोन आणला होता आणि ओप्पोचा फाइंड एन 5 फेब्रुवारी 2025 मध्ये 8.93 मिलिमीटरपर्यंत उतरला होता.

घडीच्या फोनमध्ये जाडीला जे महत्त्व येते, ते साध्या फोनमध्ये येत नाही, याचे कारण सरळ बेरजेत आहे. मिटलेला फोन म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन फोन, त्यामुळे प्रत्येक पात्यातले अर्धा मिलिमीटर वाचवले की खिशातले एक मिलिमीटर वाचते. साध्या फोनच्या जाडीत बसायचे तर प्रत्येक पाते चार-सव्वाचार मिलिमीटरचे करावे लागते, आणि तेवढ्यात पाठीची काच, बॅटरी, सर्किटचे पान, बाहेरचा पडदा, आतला पडदा आणि धातूची चौकट हे सगळे कोंबावे लागते. साधा फोन आठवरून साडेसातवर आणला तर तो फरक दुकानातल्या फलकावरच कळेल. घडीचा फोन सोळावरून नऊवर आला तर तो फरक डोळे मिटून हात लावणाऱ्यालाही कळतो. म्हणून आपल्या पहिल्या शंकेचे माझे उत्तर असे की मिटलेल्या अवस्थेतली जाडी हा या फोनच्या रचनेतला खरोखर महत्त्वाचा प्रश्न होता. ‘होता’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. कारण साध्या फोनची बरोबरी झाल्यानंतर नऊवरून आठवर येण्यासाठी जे काही चालेल, त्याचा आपल्या खिशाला फारसा उपयोग नाही.

आता आपल्या दोन तक्रारी वेगळ्या करून पाहू, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत. खिसा ओघळतो तो मुख्यतः वजनाने. 263 ग्रॅमचा फोन जाऊन 215 ग्रॅमचा आला की 48 ग्रॅम कमी होतात, म्हणजे खिशातून दहा रुपयांची सहा नाणी काढून ठेवल्यासारखे झाले. हे कमी नव्हे, पण खिसा हलका वाटावा इतकेही नाही. चपलेचा पट्टा लावायला वाकलात की वरच्या खिशातला 215 ग्रॅमचा फोनही बाहेर डोकावणारच, आणि दारात लटकलेल्या गर्दीत तो त्या खिशात ठेवू नये हे जुन्याइतकेच नव्यालाही लागू आहे.

हातात मावण्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. झेड फोल्ड 4 मिटल्यावर 67.1 मिलिमीटर रुंद होता आणि फोल्ड 7 हा 72.8 मिलिमीटर रुंद आहे. रुंदी आणि जाडी मिळवून दुप्पट केली, म्हणजे फोनभोवती दोरा गुंडाळला तर किती लागेल ते काढले, तर जुन्याचा वेढा सुमारे 166 आणि नव्याचा सुमारे 163 मिलिमीटर भरतो. जाडीत जे वाचले ते जवळजवळ सगळे रुंदीत खर्च झाले आहे. ही फसवणूक नव्हे. किंबहुना मला हाच पातळपणाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. जुन्या फोनचा बाहेरचा पडदा इतका अरुंद होता की त्यावर मराठी टंकताना शेजारची दोन अक्षरे हमखास उमटत आणि लहानसा निरोप पाठवायलाही फोन उघडावा लागे. आता बाहेरचा पडदा साध्या फोनसारखा झाल्यामुळे उभ्याने प्रवास करताना तो उघडण्याची गरजच कमी पडते. पंजा लहान असणाऱ्याला मात्र नवा फोन एका हातात जुन्याइतकाच अवघड वाटू शकतो, म्हणून तो घेण्यापूर्वी दुकानात उभे राहून, दुसरा हात वरच्या कडीला धरला आहे असे समजून, एका अंगठ्याने एक पूर्ण वाक्य लिहून पाहावे.

दुकानाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. हे उत्तर लिहिण्यापूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानात मी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी अचूक मोजण्याचे साधन, घेऊन गेलो होतो. पावणेनऊ-नऊ मिलिमीटरच्या एका फोनला दोन्ही पात्यांची कव्हरे चढवली तेव्हा काटा अकराच्या पुढे गेला आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर कॅलिपर ठेवला तेव्हा त्याच्याही बराच पुढे गेला. कंपन्या जाहीर करतात ती जाडी हा उंचवटा आणि कव्हर वगळून असते. दोन लाखांच्या आसपासची वस्तू मुंबईत कव्हराशिवाय वापरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तेव्हा आपण मोजायची ती जाडी कव्हरासकटची.

पातळपणाची एक बाजू अशी आहे की तिथे चैनीचा प्रश्नच येत नाही, आणि ती म्हणजे आतला पडदा. कोणतीही वस्तू वाकवली की तिचा बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दाबला जातो. वस्तू जितकी जाड, तितका हा ताण अधिक. साध्या फोनची काच घडीवर वाकवली तर तिचा चुरा होईल, पण तीच काच सुमारे 30 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ केली की ती वाकते. जुनी पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली तर जरीचे धागे त्या घडीवर तुटतात, म्हणून घरातली मोठी माणसे अधूनमधून घडी बदलतात. फोनची घडी बदलता येत नाही; ती दिवसातून शंभर वेळा त्याच ओळीवर पडते. म्हणून बिजागरीपाशी पडदा थेंबाच्या आकारात आत वळवून त्या वळणाची गोलाई वाढवतात, त्यामुळे ताण घटतो आणि घडीची रेघही कमी दिसते. मिटलेल्या पात्यांमधली जुनी फट बुजली तीही या रचनेमुळे.

हे सारे मिळवताना सोडले काय, हे दुकानदार सांगत नाही, म्हणून ते मी सांगतो. फोल्ड 7 मध्ये पडद्यावर लिहिण्याच्या पेनाची सोय काढून टाकली आहे. त्या पेनासाठी पडद्याखाली एक वेगळा थर लागतो आणि तो थर जाडी खातो. आपण ताळेबंदावर पेनाने खुणा करत असाल तर हा पातळपणा आपल्याला तोट्याचा आहे. त्याची बॅटरी 4400 एमएएचची (एमएएच हे बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) आहे, म्हणजे 2022 साली होती तेवढीच. हे पातळपणामुळे अटळ होते असेही म्हणता येत नाही, कारण विवोच्या एक्स फोल्ड 5 मध्ये 9.2 मिलिमीटर जाडीत 6000 एमएएचची बॅटरी बसवली आहे. तिच्या ऋण टोकात सिलिकॉन-कार्बन वापरल्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. मला कोणी विचारले असते तर मी एक मिलिमीटर परत देऊन रात्री बदलापूरपर्यंत टिकणारी बॅटरी मागितली असती. पण जाहिरातीच्या फलकावर ‘आमचा फोन एक मिलिमीटर जाड आहे’ असे कोण लिहिणार?

मुंबईकराने जाडीच्याही आधी पाहायचा आकडा वेगळाच आहे. फोनच्या माहितीत ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला घन कणांना आणि दुसरा पाण्याला होणाऱ्या अटकावाचा. फोल्ड 7 ला 48 हा दर्जा आहे. त्यातला 8 पावसापुरता निश्चिंत करणारा आहे, परंतु 4 चा अर्थ एक मिलिमीटरहून मोठे कणच अडतात, एवढाच होतो. चौपाटीची वाळू, पुलांच्या आणि मेट्रोच्या कामांची धूळ, गाडीच्या खिडकीतून येणारी लोखंडाची बारीक भुकटी, हे सगळे त्याहून बारीक असते. 2019 मध्ये पहिला फोल्ड परीक्षणासाठी पत्रकारांच्या हाती दिला गेला तेव्हा काही फोनांचे पडदे काही दिवसांतच बिघडले. काहींनी वरचा आवश्यक थर संरक्षक कागद समजून सोलला होता आणि काहींत बिजागरीच्या टोकाशी असलेल्या फटीतून कण आत गेले होते. कंपनीने एप्रिलमधली विक्री पुढे ढकलून, त्या फटी झाकून, फोन सप्टेंबरमध्ये आणला. तेव्हापासून बिजागऱ्या पुष्कळ सुधारल्या आहेत, तरीही माझ्या एका स्नेह्याने गेल्या वर्षी गिरगाव चौपाटीवर मुलांबरोबर बसून घडीचा फोन उघडला आणि दुसऱ्या दिवशी मिटताना त्यातून जात्यासारखा करकर आवाज आला. दुरुस्तीच्या दुकानात आतला संपूर्ण पडदा बदलावा लागेल असे सांगण्यात आले आणि तो आकडा ऐकून त्यांनी करकर सोसायची ठरवली. धुळीला पूर्ण अटकाव करणारा 6 हा अंक घडीच्या फोनमध्ये पहिल्यांदा मिळाला तो गूगलच्या 2025 सालच्या पिक्सेल 10 प्रो फोल्डला, आणि तो फोन 10.8 मिलिमीटर जाड आणि 258 ग्रॅम वजनाचा आहे. वजनाच्या बाबतीत तो आपल्या ‘पाट्या’चा धाकटा भाऊच शोभेल.

आपल्या व्यवहाराचे सांगायचे तर, फोल्ड 7 बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 1,74,999 रुपयांपासून आणि एक्स फोल्ड 5 ची 1,49,999 रुपये होती. आपली तक्रार मिटलेल्या फोनच्या आकाराबद्दलच असल्यामुळे बदलाचा लाभ आपल्याला जाणवेल. मात्र सोळावरून नऊवर येण्याची मोठी उडी होऊन गेली असल्यामुळे अगदी ताज्या फोनसाठी धावण्याचे कारण नाही. 2025 सालचा फोन उतरलेल्या किमतीत आणि उरलेल्या हमीसह मिळत असेल तर जाडीच्या दृष्टीने आपण काहीही गमावणार नाही. उरलेले पैसे पडद्याच्या विम्यात घालावेत.

प्रश्न : उघडल्यावर 4.2 मिलिमीटर इतका पातळ फोन हातातच वाकेल की काय, अशी मला भीती वाटते. ही भीती अनाठायी आहे का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : भीतीला आधार आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे बाकी सर्व तसेच ठेवून 6.3 मिलिमीटरचे पाते 4.2 मिलिमीटरचे केले, म्हणजे दोन तृतीयांशावर आणले, तर त्याचा ताठपणा एक तृतीयांशाहूनही खाली येतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अधिक कणखर अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि पडद्याखाली टायटॅनियमचा पत्रा वापरला जातो, म्हणून नेहमीच्या वापरात तो वाकत नाही. उघडा फोन गादीवर ठेवून त्यावर बसणे मात्र टाळावे. उघड्या अवस्थेतल्या पातळपणाचा वापरणाऱ्याला काय फायदा, हे मला अजून उमगलेले नाही. दोन्ही हातांत धरून अर्धा तास वाचले की ती कड बोटांत रुतते. शिवाय चार्जिंगच्या भोकाचीच उंची अडीच मिलिमीटरच्या वर असल्यामुळे ते असलेले पाते यापुढे फारसे खाली जाणारही नाही.

प्रश्न : मला डबीसारखा मिटणारा लहान फोन घ्यायचा आहे, पण तो मिटल्यावर जाड वाटतो. थांबू का?
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : थांबू नका. सॅमसंगचा डबीसारखा झेड फ्लिप 7 मिटल्यावर 13.7 मिलिमीटर भरतो, पण त्याची लांबी निम्मी होते आणि वजन 188 ग्रॅमच आहे. 2004 साली पातळपणासाठी गाजलेला मोटोरोलाचा रेझर व्ही 3 मिटल्यावर जवळजवळ एवढाच जाड होता आणि तो कुणाला जाड वाटला नव्हता. कुर्त्याच्या खिशाला किंवा लहान पर्सला अडचण होते ती लांबीची. आपल्या पर्सची चेन फोन आत ठेवून लागते का, एवढे दुकानात पाहून घ्या.